एम.ए. करू की गुरूंकडेच राहू?

प्रश्न : मी २१ वर्षांची आहे. ख्याल शिकते, बी.ए. आणि गांधर्व महाविद्यालयाची विशारद झाले आहे. गुरू सांगलीत आहेत. पुढे काय करू?

उत्तर : आधी गुरूंशी बोला. तालीम तुटणार असेल तर कुठलीही पदवी महागच पडते.

पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात एम.ए. करता येते. तिथे प्रत्यक्ष गायनाला महत्त्व आहे. पुढे महाविद्यालयात शिकवायची इच्छा असेल तर सहसा एम.ए. आणि नेट किंवा सेट लागते, त्यामुळे ही वाट डावलू नका. सुट्टीत सांगली गाठता येईल, एवढे अंतर कमी आहे.

मंचावरच गायचे असेल तर कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीचा विचार जरूर करा. गुरू आणि शिष्य एकाच आवारात राहतात, निवड गाणे ऐकून होते. पण तिथे राहायचे म्हणजे त्या गुरूंची गायकी आपलीशी करायची. तुमचा आवाज आणि घराण्याचे वळण अजून पक्के होतेय. सांगलीच्या गुरूंची मनापासून संमती नसेल तर मी थांबायलाच सांगेन.

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटासाठी तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी अर्ज कराच. गुरूंकडे राहूनही ती घेता येते. आकाशवाणीची स्वरचाचणीही द्या. माझा कौल पुण्याला आहे, पण विशारदनंतरच्या ‘अलंकार’ परीक्षेची तयारी सोडू नका आणि सकाळचा खर्जाचा रियाज परीक्षेच्या दिवसांतही चुकवू नका.