शोधाच्या नोंदी आणि माणसाची ओळख

माहिती हवी असली की संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावरील चौकटीत चार शब्द लिहावयाचे आणि उत्तर मिळवावयाचे, ही सवय आता शहरांपुरती राहिलेली नाही. पिकावरील रोग, रक्ततपासणीचा अहवाल, कर्जाचा थकलेला हप्ता, घरातील कोणाचे व्यसन, असे नाना प्रश्न त्या चौकटीत विचारले जातात. शेजाऱ्याला विचारण्यास संकोच वाटावा असा प्रश्नही तेथे मोकळेपणाने विचारला जातो, कारण समोर माणूस बसलेला नसतो. परंतु उत्तर मिळाले म्हणजे प्रश्न नाहीसा होत नाही. त्याची नोंद होते आणि ती उत्तर देणाऱ्या कंपनीच्या दप्तरी राहते. असे दप्तर बाहेर पडल्यास काय घडते, हे २००६ साली अमेरिकेत दिसून आले.

तीन महिन्यांचे दप्तर

ए.ओ.एल. ही त्या काळी अमेरिकेत घरोघरी इंटरनेट सेवा पुरविणारी एक मोठी कंपनी होती. तिच्या संशोधन विभागाने ऑगस्ट २००६ च्या आरंभी मार्च ते मे या तीन महिन्यांतील शोधांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या. सुमारे साडेसहा लाख ग्राहकांनी केलेले सुमारे दोन कोटी शोध त्यात होते. हेतू वाईट नव्हता. लोक माहिती कशी शोधतात याचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठांतील संशोधकांना अशी सामग्री एरवी मिळत नसे. ती केवळ मोठ्या कंपन्यांच्या हाती असे.

या नोंदींची रचना समजून घेतली पाहिजे. प्रत्येक ओळीत ग्राहकाचा क्रमांक, त्याने लिहिलेले शब्द, शोधाची तारीख व वेळ आणि त्याने एखादे उत्तर उघडले असल्यास त्या संकेतस्थळाचा पत्ता, एवढी माहिती होती. ग्राहकाचे नाव कोठेही नव्हते. नावाच्या जागी क्रमांक घातला म्हणजे ओळख पुसली गेली, असे कंपनीतील संबंधितांनी गृहीत धरले. मात्र हा क्रमांक शोधाला दिलेला नव्हता, तो माणसाला दिलेला होता. एकाच व्यक्तीचे तीन महिन्यांतील सारे शोध एकाच क्रमांकाखाली ओळीने मांडले गेले होते. प्रत्येक शोधाला वेगळा क्रमांक दिला असता तर ते जोडता आले नसते. पण मग एका प्रश्नावरून माणूस दुसऱ्या प्रश्नाकडे कसा जातो, हेही संशोधकांना कळले नसते. अभ्यासाला जी गोष्ट उपयोगी, तीच ओळख उघडी करणारी होती. ही अडचण आजही सुटलेली नाही.

क्रमांकामागील व्यक्ती

मनुष्य आपल्याच गावातील माळी, सुतार, दवाखाना शोधतो. आपल्या आडनावाचे नातलग शोधतो. कधी कुतूहलाने स्वतःचेच नाव लिहून पाहतो. यातील एकेक शोध निरुपद्रवी असतो; ते एकत्र ठेवले की पत्ता आणि आडनाव दोन्ही हाती लागतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकाच्या दोन वार्ताहरांनी नेमके हेच केले. एका क्रमांकाखालील शोधांत एका लहान गावाचे नाव आणि एका आडनावाच्या अनेक व्यक्तींची नावे त्यांना आढळली. त्यावरून ते एका वयस्क महिलेच्या घरी पोहोचले. शोध वाचून दाखविताच ते आपलेच असल्याचे तिने मान्य केले. आपल्या प्रश्नांवर कोणाची नजर असेल याची तिला कल्पनाही नव्हती. हे वृत्त ९ ऑगस्ट २००६ रोजी प्रसिद्ध झाले. नोंदी खुल्या होऊन तेव्हा एक आठवडाही झालेला नव्हता.

या प्रकरणातील अधिक विचार करण्याजोगा भाग पुढेच आहे. या महिलेच्या शोधांत हाताचा कंप, तोंडाला पडणारी कोरड, तंबाखूतील निकोटिनचे शरीरावरील परिणाम असे अनेक विषय होते. ते वाचणारा कोणीही ही बाई व्याधींनी जर्जर आणि व्यसनाधीन असावी असेच म्हणेल. वस्तुस्थिती निराळी होती. मैत्रिणींच्या दुखण्याविषयी माहिती काढून त्यांना धीर देण्याची तिची रीत होती. निकोटिनचा शोधही धूम्रपान सोडू पाहणाऱ्या मैत्रिणीसाठी होता. म्हणजे नोंद खरी होती आणि तिच्यावरून निघणारा निष्कर्ष खोटा होता. विमा कंपनी, नोकरी देणारा मालक किंवा सोयरीक जुळविणारे घर यांच्या हाती असे कागद पडले, तर खुलासा विचारण्यासाठी कोणी दारापर्यंत जाईलच असे नाही. त्याच नोंदींत काही क्रमांकांखाली खुनासंबंधी शोधही आढळले आणि त्यावरून बरीच चर्चा झाली. शोधणारा गुन्हेगार होता, रहस्यकथेचा लेखक होता की नुसता वाचक, हे मात्र शब्दांवरून ठरविता येत नाही.

कंपनीने काही दिवसांतच नोंदी काढून घेतल्या आणि जाहीर क्षमा मागितली. त्याच महिन्यात तिच्या मुख्य तंत्रज्ञान अधिकाऱ्याने राजीनामा दिला. दोन कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले. ग्राहकांच्या वतीने दावाही दाखल झाला. परंतु दरम्यान अनेकांनी नोंदी उतरवून घेतल्या होत्या. छापील पुस्तकाच्या प्रती जप्त करता येतात. या प्रती किती आणि कोठे आहेत हे कोणास सांगता येत नाही.

पूर्वीचा इशारा

नाव वगळून माहिती प्रसिद्ध करण्यातील धोका अमेरिकेला ठाऊक नव्हता असे नाही. नव्वदच्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे व पत्ते वगळून संशोधनासाठी दिल्या होत्या. जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभागाचा क्रमांक एवढे मात्र त्यात शिल्लक होते. लॅटान्या स्वीनी या त्या वेळच्या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी वीस डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही ताडून पाहिल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे सहा मतदार यादीत होते. त्यांपैकी पुरुष तीन आणि त्यांच्या टपाल विभागात राहणारे ते एकटेच. राज्यपालपदावरील व्यक्तीचा आजार अशा रीतीने तीन साध्या बाबींवरून उघड झाला.

न्यायालयापुढेही हा विषय ए.ओ.एल. प्रकरणाच्या काही महिने आधीच आला होता. एका कायद्याच्या बचावासाठी अमेरिकेच्या न्याय विभागाने शोधसेवा देणाऱ्या कंपन्यांकडे नोंदी मागितल्या असता गुगलने नकार दिला. मार्च २००६ मध्ये न्यायालयाने संकेतस्थळांचे पन्नास हजार पत्ते देण्यास सांगितले, पण लोकांनी लिहिलेले शोध देण्याची मागणी फेटाळली.

वापरणाऱ्यांच्या हाती काय आहे

मोबाईलमध्ये ‘इनकॉग्निटो’ किंवा खासगी खिडकी उघडली की सारे गुप्त राहते, हा समज बराच पसरलेला आहे. त्या खिडकीमुळे केवळ त्या उपकरणावर इतिहास साठत नाही. शोधसेवा देणाऱ्या कंपनीकडे प्रश्न पोहोचतोच. सायबर कॅफेमध्ये किंवा घरातील सामायिक मोबाईलवर ती उपयोगी आहे. त्यापलीकडे तिच्यावर विसंबू नये. गुगलच्या खात्यात साठलेला शोधांचा इतिहास पाहता येतो, पुसता येतो आणि ठरावीक काळानंतर तो आपोआप पुसला जावा अशी सोयही करता येते. २०२० पासून उघडलेल्या नव्या खात्यांना अठरा महिन्यांची मर्यादा आपोआप लागू करण्यात आली. त्यापूर्वीच्या खातेदारांनी ती स्वतः लावून घ्यावयाची आहे. आधार क्रमांक, बँक खाते वा कार्ड यांचे आकडे शोधाच्या चौकटीत मुळीच लिहू नयेत. ए.ओ.एल.च्या नोंदींतही लोकांनी स्वतः लिहिलेले असे शासकीय क्रमांक सापडले होते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. ज्या माहितीवरून एखादी व्यक्ती ओळखता येते ती वैयक्तिक माहिती, अशी व्याख्या त्यात आहे. नाव आहे की नाही, हा तिचा निकष नाही. त्यामुळे क्रमांकाखाली मांडलेल्या शोधांच्या नोंदीही, ओळख पटण्याजोग्या असतील तर, या व्याख्येत येऊ शकतात. सुरक्षिततेची वाजवी दक्षता न घेणाऱ्या संस्थेस अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संशोधन व सांख्यिकीसाठी विहित मानकांच्या अधीन राहून सवलत ठेवलेली आहे. अशा माहितीवरून कोणा एका व्यक्तीविषयी निर्णय घेता येणार नाही, अशी तिची अट आहे. कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती बाळगणाऱ्या संस्थांवरील प्रमुख जबाबदाऱ्या अमलात येण्यासाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.