दोघांची मेहनत, एकाची कमाई

गंगाखेड-पालमच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी बरीच वर्षं गेली. दिवाळी आली की पटावरची निम्मी लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला जायची. त्यांच्या घरांत उठबस करून लग्न आणि पुरुषाची कमाई यांचं नातं जे कळलं, ते लिहितो.

1. लग्न झालं की गड्याची मिळकत वाढते, हे आमच्याकडे अडाणी माणसालाही पाठ आहे. ऊसतोडीत हिशेब कोयत्यावर चालतो आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचलही निम्मीच. एका बापाला मी म्हणालो, पोरगं अजून एकवीसचं नाही, लग्नाची घाई कशाला? तो म्हणाला, “सर, एकट्याला कोण उचल देतंय? दोन हात आले तर घराचं पत्र्याचं काम व्हईल.” त्या घरात सून येणार होती ती पत्र्याच्या हिशेबात.

2. उचल कोण घेतो आणि काम कोण करतं, हे वेगवेगळं बघावं. पहाटे आधी बाई उठते. पाणी, चूल, भाकरी, लेकराचं आवरणं उरकून ती फडात जाते. गडी ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. गाडी रात्री आली तर भरणी रात्रीच. परत आल्यावर चूल पुन्हा तिचीच. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण आजही व्यवहार मुकादम आणि नवरा या दोघांत होतो. बाईच्या वाट्याचे पैसे बाईच्या खात्यावर पडले पाहिजेत, ही मागणी मला दरवाढीइतकीच मोठी वाटते.

3. लग्नानंतर गड्याची कमाई वाढणं हे फडापुरतं नाही. कोरेनमन आणि न्यूमार्क या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी 1991 मध्ये दाखवलं की तिकडेही लग्नानंतर पुरुषांचा पगार हळूहळू चढत जातो. कारणांवर अजून वाद आहे. काहींच्या मते कमावते पुरुषच आधी बोहल्यावर चढतात. गॅरी बेकर यांची मांडणी अशी की घर एकानं सांभाळलं की दुसऱ्याला सगळं बळ कमाईत घालता येतं. मला हे पटतं, कारण मी ते जगलो. नोकरीत असताना बाहेरून बी.ए. आणि मग बी.एड. केलं ते लग्नानंतर. आजारी आई, दोन लेकरं, दोन एकर कोरडवाहू हे सगळं सौ.नं पाहिलं म्हणून माझ्या रात्री पुस्तकाला मिळाल्या. पुढे मुख्याध्यापक झालो, पगार वाढला. त्या वाढीत तिचा वाटा निम्म्याहून कमी नाही. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यासाठी दिवसाला 299 मिनिटं जातात, तेच करणाऱ्या पुरुषाची 97. एवढी मिनिटं कुणीतरी आपल्याला मोकळी करून देतं, हे नोकरदार पुरुषांनी मोठ्यानं म्हणावं.

4. कमाई नसेल तर लग्न अडतं, हेही तितकंच खरं. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही. सोयाबीन-कापसाच्या भावावर मुलीचा बाप भरवसा ठेवत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधलेले तरुण घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. त्यांचं दुःख खरं होतं. मात्र 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या. आपणच मुली होऊ दिल्या नाहीत.

5. कोयत्यासाठी घाईनं उरकलेल्या लग्नाची किंमत सर्वांत आधी पोरगी मोजते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) आमच्या परभणी जिल्ह्यात विशीतल्या, म्हणजे 20 ते 24 वयाच्या, 48 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा 22 च्या आसपास. गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, 1098 या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करता येतो, आणि वेळ आली तर तो करावाच. पण बापाशी बोलताना मी आधी कायदा काढत नाही, हिशेब काढतो. पंधरा वर्षांची पोर फडात गरोदर राहिली तर खाडे पडतील, दवाखाना लागेल, उचल फिटणार नाही, फिरून पुढच्या हंगामावर चढेल. तोवर तिचं अंग मोडलेलं असेल. असं मांडलं की काही बाप थांबतात. थांबलेल्याच्या पोरीला मात्र दिवाळीआधी राहायला जागा हवी. हंगामी वसतिगृह लहान वर्गांना मिळतं. खरी गरज आठवीनंतर असते, जेव्हा गावातली शाळा संपलेली असते आणि पाहुणे बघायला यायला लागतात.