कळपाच्या चाचणीचा धडा बेटांवरील साथीसाठी

बंगळुरूच्या कोरमंगलास लागून असलेल्या आडुगोडी येथे राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेचे दक्षिण विभागीय केंद्र आहे. या संस्थेची मुळे १९२३ मध्ये बंगळुरूत रुजली. दुग्धव्यवसायात ब्रुसेलोसिसचा, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताचा, शोध घेण्याची एक जुनी रीत आहे. प्रत्येक गायीचे रक्त न काढता प्रथम कळपाच्या एकत्रित दुधाची मिल्क रिंग चाचणी करतात. दोष दिसला तरच एकेक जनावर तपासले जाते.

हेच तत्त्व २०२० मध्ये अंदमान-निकोबारला उपयोगी पडले. मार्चअखेर तेथे कोविडचा पहिला रुग्ण आढळला, तेव्हा प्रवासी विमानसेवा बंद होती आणि चाचणी संच हजार किलोमीटरहून दूर असलेल्या मुख्य भूमीवरून आणावे लागत होते. त्यामुळे प्रत्येक संच मोलाचा होता. एप्रिलमध्ये बेटांवर एकत्रित नमुना तपासणी सुरू झाली.

समजा, शंभरात एक जण बाधित आहे. पाचपाच नमुन्यांचे वीस गट केल्यास साधारण एकच गट सकारात्मक येईल; त्यातील पाच जणांची फेरतपासणी धरून सुमारे पंचवीस चाचण्यांत शंभर जणांचे निदान होते. बाधितांचे प्रमाण २० टक्के असल्यास मात्र सुमारे ८७ चाचण्या लागतात आणि बचत जवळजवळ संपते. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ही पद्धत मुख्यतः दोन टक्क्यांखालील प्रादुर्भावासाठी सुचविली आणि गटाची मर्यादा पाच ठेवली. पाचपट विरलतेने आरटी-पीसीआरमध्ये विषाणू सुमारे सव्वादोन आवर्तने उशिरा दिसतो. त्यामुळे क्षीण नमुना निसटण्याचा धोका राहतो.

गणित सोपे असले, तरी यंत्रामागे सरावलेले हात हवेत, आणि ते पशुवैद्यकांकडे आधीच होते. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूर येथील कोंबड्यांतील बर्ड फ्लूचे निदान भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने केले होते. तीच संस्था आणि इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था २०२० मध्ये मानवी नमुने तपासू लागली. पोर्ट ब्लेअरच्या केंद्रीय द्वीप कृषी संशोधन संस्थेतही पशुविज्ञान विभाग आहे. दुर्गम बेटावर असे मनुष्यबळ ऐनवेळी बाहेरून आणता येत नाही. साथ नसतानाच त्याची नोंद करून मानवी नमुन्यांच्या जैवसुरक्षेचे प्रशिक्षण द्यावयास हवे.

साम्य मात्र येथेच थांबते. नवापुरात पक्षी नष्ट करून प्रसार रोखता आला. माणसांसाठी विलगीकरण, उपचार आणि संमती हाच मार्ग. शिवाय, बाधितांच्या निकट संपर्कातील व्यक्तींचे आणि रुग्णसेवेतील कर्मचाऱ्यांचे नमुने गटात मिसळायचे नसतात. ते स्वतंत्रपणेच तपासावे लागतात.