काळ्या जमिनींतील घर आणि त्याभोंवतींची काँक्रीटची वाट

पावसाळ्यांत घरापासून गोठा, विहीर, न्हाणी आणि खळें येथपर्यंत जाणें म्हणजे घोटाभर चिखल तुडविणें, ही स्थिति काळ्या जमिनीच्या बहुतेक गांवांतून आजही आहे. दुधाची चरवी घेऊन येणारी सून, डोक्यावर वैरणीचा भारा असलेला गडी आणि रात्रीं काठी टेकीत बाहेर पडणारे वृद्ध यांस ह्या चिखलाचा जाच सर्वांत अधिक. उतारवयांत खुब्याचें हाड मोडलें म्हणजे माणूस बहुधा खाटेला खिळतो, व घरांतील आणखी एक माणूस त्याच्या सेवेंत गुंततो. तेव्हां घराभोंवतीं टणक वाट बांधणें ही चैन होय, असें आम्हांस वाटत नाहीं.

अशा वाटा आतां पुष्कळ जण बांधितात. परंतु त्यांपैकीं कित्येक दोन-तीन पावसाळ्यांतच आडव्या-उभ्या फाटतात, कांहीं कडेनें उचलल्या जातात, तर कांहीं मध्येंच खचतात. मालक म्हणतो सिमेंट खोटें, दुकानदार म्हणतो गवंडी वाईट, आणि गवंडी म्हणतो वाळू मातीची. ह्या तिघांच्या तंट्यांत खरा प्रतिवादी पुकारलाच जात नाहीं. तो प्रतिवादी म्हणजे वाटेखालची जमीन व तींत मुरणारें पाणी.

गोदावरी, भीमा, कृष्णा, तापी व पूर्णा यांच्या खोऱ्यांतील काळी माती काळ्या दगडाच्या झिजेपासून झालेली आहे. तींत मॉन्टमोरिलोनाइट नांवाचे चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यांच्या पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें म्हणजे माती फुगते, व तें निघून गेलें म्हणजे आकसते. वैशाखांत रानांत पडणाऱ्या भेगा, ज्यांत काठी उभी जाते, त्या ह्याच आकसण्याच्या खुणा होत. कपाशीला व ज्वारीला ही माती कितीही मानवो, बांधकामास ती वैरीण आहे. काँक्रीट दाबाला फार खंबीर, पण वांकण्याला व ताणाला दुबळें. खालून एका कडेस माती फुगली व दुसरीकडे कोरडीच राहिली कीं चार इंचांची वाट मधोमध तडकलीच म्हणून समजावें. सिमेंटची मात्रा दुप्पट केली तरी हें टळत नाहीं. फक्त खर्च दुप्पट होतो.

आपली माती कितपत फुगते हें पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीनें चाळावी. मापाच्या रेघा असलेल्या दोन उभ्या कांचनळ्या घ्याव्या. गांवच्या माध्यमिक शाळेंतील प्रयोगशाळेंत त्या असतात. दोहोंत दहा दहा ग्राम माती घालून एकींत पाणी व दुसरींत रॉकेल शंभराच्या रेघेपर्यंत ओतावें, आणि आंतील हवा निघून जाईल असें ढवळून एक दिवस स्थिर ठेवावें. रॉकेलानें माती फुगत नाहीं, म्हणून तें माप मूळचें धरावयाचें. पाण्यांतील मातीचा थर रॉकेलांतील थराच्या दीडपटीच्या आंत असला तर फुगवण कमी, आणि दुपटीहून अधिक असला तर जोराची समजावी. अशा जमिनींत पुढील सूचनांत काटकसर करूं नये.

कोंकणांतील जांभ्याच्या जमिनीस हा रोग नाहीं. तेथें पाण्याच्या लोंढ्यानें वाटेखालची माती धुपून पोकळी होते, व कडेला दगडाची पक्की ओळ बसविल्यानें काम भागतें. पुढचें विवेचन मुख्यत्वें देशावरील वाचकांसाठीं आहे.

प्रथम वाटेची रेषा ठरवावी. जोत्याला लागून चहूंबाजूंनीं तीन-चार फूट रुंदीची पट्टी घातली तर ती वाटही होते आणि घराचें रक्षणही करते. पागोळ्यांचें पाणी जोत्याशीं मुरलें म्हणजे पायाखालची काळी माती एका बाजूनें फुगते व भिंतीस तिरप्या भेगा जातात. पट्टीमुळें तें पाणी घरापासून दूर पडतें. मात्र पागोळी पट्टीच्या बाहेरच्या कडेपलीकडे पडावी असें न जमल्यास कडेला उथळ पन्हळ करून तें पाणी लांब न्यावें. पट्टीस भिंतीकडून बाहेर दर फुटास पाव इंच उतार असावा. पट्टी भिंतीस सिमेंटनें सांधूं नये. घर आपल्या पायावर उभें असतें व वाट वरच्या मातीवर; दोघांची हालचाल निराळी. म्हणून मध्यें अर्ध्या इंचाची फट सोडून ती डांबर व वाळू यांच्या मिश्रणानें भरावी, म्हणजे पाणीही आंत जात नाहीं व ओढाताणही होत नाहीं. पुढें वाटेखालून नळ किंवा विजेची तार न्यावयाचा विचार असेल तर आतांच एक रिकामी नळी आडवी पुरून ठेवावी.

येथें महसुली कामाच्या अनुभवावरून एक गोष्ट सांगणें अगत्याचें वाटतें. वाट उंच करून आपल्या अंगणांतील पाणी शेजाऱ्याच्या रानांत लोटणें, किंवा त्याच्या रानांतून येणारें पाणी अडविणें, ह्या गोष्टी पुढें दाव्याचें मूळ होतात. शेतीच्या जमिनीवरून वाहणारें पावसाचें पाणी बेकायदेशीरपणें अडवून नुकसान केल्यास तो अडथळा काढविण्याचा अधिकार मामलेदार कोर्ट अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणें तहसीलदारांस आहे. तसेंच मुरूम व वाळू हीं गौण खनिजें असून, विनापरवाना उत्खननास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ अन्वयें बाजारभावाच्या पांच पटींपर्यंत दंड होऊं शकतो. ओढ्यांतून रात्रीं दोन खेपा आणूं, असें म्हणणाऱ्यांनीं हा हिशेब आधीं करावा. सबब परवाना असलेल्याकडूनच माल घेऊन त्याची पावती जपून ठेवावी.

आतां खोदाई. सर्व कामांत हीच महत्त्वाची व हीच बहुधा चुकविली जाते, कारण ती नंतर दिसत नाहीं. वाटेच्या रुंदीहून दोन्ही अंगांस अर्धा फूट अधिक घेऊन किमान एक फूट काळी माती काढून टाकावी व ती शेतांत पसरावी. चराच्या तळासही वाटेसारखाच उतार द्यावा. मग चांगला मुरूम सहा सहा इंचांच्या थरांनीं भरावा. प्रत्येक थरावर बेताचें पाणी शिंपडून धुम्मस करावी. टांच जोरानें दाबली असतां ठसा उमटूं नये, इतका तो बसला पाहिजे. मुरमांत काळी माती मिसळलेली नसावी. चरांत वाळूचा जाड थर पसरण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे, ती काळ्या जमिनींत घातक होय. वाळूच्या पोकळींत पाणी सांचतें व तें खालच्या मातीस महिनोन् महिने पाजलें जातें. म्हणजे वाटेखालीं आपणच हौद बांधिल्यासारखें होतें. मुरूम दूर व महाग असेल तेथें चराच्या तळाची सहा इंच माती भुसभुशीत करून तींत शेंकडा ४ ते ६ प्रमाणें विरलेल्या चुन्याची भुकटी मिसळावी, ओली करून एक-दोन दिवस मुरूं द्यावी व मग ठोकून बसवावी. चुन्यानें काळ्या मातीची फुगण्याची शक्ति पुष्कळ कमी होते. हें काम करितांना डोळ्यांस व हातांस जपावें.

इतकें करूनही सबंध काळा थर काढला जात नाहीं. कित्येक ठिकाणीं तो पुरुषभर खोल असतो. म्हणून हंगामही पाहिला पाहिजे. वैशाखांत जमीन पुरी आकसलेली असते. तेव्हां घातलेली वाट मृगांत वर उचलली जाते. भाद्रपदांत ती पुरी फुगलेली असते. तेव्हां घातलेली वाट पुढें खचते. मार्गशीर्ष-पौषांत ओल मध्यम असते, ऊन सौम्य असतें, आणि काँक्रीट सावकाश मुरतें. ह्या दिवसांत रब्बीचीं कामें असतात हें आम्ही जाणतों; परंतु चार दिवसांचें काम त्यांतून काढणें अशक्य नव्हे.

सिमेंटच्या पोत्यावर तें कोणत्या आठवड्यांत व कोणत्या वर्षीं तयार झालें हें छापलेलें असतें, तें वाचून घ्यावें. तीन महिन्यांहून जुनें सिमेंट शक्यतों घेऊं नये, आणि गोळे झालेलें तर मुळींच नको. वाळू नदीची असो वा खडी दळून केलेली असो, तिची परीक्षा घरींच करितां येते. कांचेच्या बाटलींत निम्म्यापर्यंत वाळू व वर मिठाचें पाणी घालून हालवावें व तीन तास ठेवावें. वाळूवर बसलेला गाळ तिच्या उंचीच्या बाराव्या हिश्शाहून अधिक असल्यास ती धुवून घ्यावी.

माप घमेल्यानें करूं नये, कारण घमेलें कोणी सपाट भरतो, कोणी शिगोशीग. एक फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच अशी लांकडी पेटी करावी. तींत एका ५० किलोच्या पोत्याइतका माल मावतो. माणसांच्या वाटेस एक पोतें सिमेंट, दोन पेट्या वाळू व चार पेट्या २० मिलिमीटरची खडी पुरे. गुरें जाणार असतील तेथें एक पोतें, दीड पेटी वाळू व तीन पेट्या खडी घ्यावी. वाळू ओलसर असेल तर ती फुगलेली असते, म्हणून पेटी थोडी अधिक भरावी. चार फूट रुंद, पंचवीस फूट लांब व चार इंच जाड अशा वाटेस पहिल्या प्रमाणानें ६ पोतीं सिमेंट, १५ घनफूट वाळू व ३० घनफूट खडी लागते. दुसऱ्या प्रमाणानें साडेसात पोतीं, १४ घनफूट वाळू व २८ घनफूट खडी. म्हणजे गोठ्याच्या वाटेसाठीं जास्तीचीं दीड पोतीं लागलीं. जेथून ट्रॅक्टर जाणार तेथें चार इंच पुरत नाहींत. तेवढा भाग सहा इंच जाड करून आंत लोखंडी जाळी घालावी.

पाण्याविषयीं मात्र मालकानें स्वतः उभें राहावें. शिकागो येथील डफ अब्राम्स यांनीं सन १९१८ मध्यें असें दाखवून दिलें कीं, काँक्रीटचें बळ मुख्यत्वें सिमेंटशीं असलेल्या पाण्याच्या प्रमाणावर ठरतें. पाणी वाढलें कीं बळ घटतें. एका पोत्यास, वाळूंतील ओल धरून, ३० ते ३२ लिटरांहून अधिक पाणी नसावें. पातळ काला पसरावयास सोपा जातो म्हणून बिगाऱ्याचा हात बादलीकडे वळतो. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यास रोजंदारी मिळते व वाट आपणांस वापरावयाची असते.

कडेस फळ्या ठोकून, पाणसळीनें उतार पाहून, मुरूम ओला करून काला ओतावा व ठोकून दाबावा. सबंध वाट एकसंध घालूं नये. चार फूट रुंदीच्या वाटेस दर चार फुटांवर आडवा सांधा ठेवावा. काला ओला असतांनाच एक इंच खोल रेघ पाडली तरी चालते. जमीन हलणारच, तेव्हां भेग आपण नेमून दिलेल्या रेघेंतून जावी, ही ह्यांतील युक्ति आहे. वर आलेलें पाणी आपोआप सुकूं द्यावें. तें शोषण्याकरितां कोरडें सिमेंट भुरभुरण्याची खोड बहुतेक गवंड्यांस असते. त्यानें वरचा पापुद्रा पुढें भुकटी होऊन निघतो. थापीनें आरशासारखी घोटाई तर नकोच. लांकडी रंधा फिरवून नंतर आडवा झाडू ओढावा. खरबरीत वाटेवर ओल्या पायाचा माणूस व खूर असलेलें जनावर दोघेही सांवरतात.

दुसऱ्या दिवशीं कडेनें मातीच्या वरंब्या घालून वाफ्यासारखें पाणी बांधावें. ज्यानें आयुष्यभर वाफे भरले त्याला हें शिकवावयास नको. पाणी नसल्यास ओलें गोणपाट अंथरावें व तें वाळूं देऊं नये. साध्या सिमेंटास निदान ७ दिवस, व राखमिश्रित पोझोलाना सिमेंटास १० ते १४ दिवस हें पाणी मारणें चालू ठेवावें. बाजारांत हल्लीं दुसऱ्या जातीचेंच पुष्कळ येतें, म्हणून पोत्यावरील नांव पाहावें. माणसांनीं तिसऱ्या दिवसानंतर, गुरांनीं दहा दिवसांनंतर व भरल्या गाडीनें २८ दिवसांनंतर तीवरून जावें.

पुढची निगा थोडी पण नियमानें करावी लागते. न्हाणीचें पाणी वाटेच्या कडेला सोडूं नये. उन्हाळ्यांतही तेथें ओल राहिली तर एक बाजू बारमाही फुगलेली राहते. त्याचप्रमाणें मोठें झाड वाटेलगत नसावें, कारण तें उन्हाळ्यांत मातींतील ओल ओढून घेतें व तेवढीच जागा खचते. अमोनियम सल्फेटसारख्या खतांचीं पोतीं वाटेवर रचूं नयेत. हीं खतें काँक्रीटला खातात. गोठ्यांतील मूत्र वाटेवर न सांचतां नाल्यानें खताच्या खड्ड्यांत जावें. त्यांत खताचाही लाभ आहे. शेवाळ धरल्यास पावसाळ्यांत खराट्यानें घासून काढावें. सांध्यांतील डांबर दर ज्येष्ठांत पाहावें व निघालें असल्यास पुन्हां भरावें. केसासारख्या भेगांची चिंता नको. पैसा उभा शिरेल अशी भेग मात्र डांबरानें बुजवावी, सिमेंटनें नव्हे, कारण ती पुन्हां हलणार. एखादा चौकोन उचललाच, तर त्यावर नवा थर चढवूं नये. सांध्यापासून सांध्यापर्यंत तेवढाच चौकोन फोडावा, खालचें पाणी कोठून येतें तें शोधून बंद करावें, मुरूम पुन्हां ठोकावा, आणि मगच नवा काला घालावा.