क्लचच्या नळीतील हवा

क्लच दाबताना पेडल स्पंजाप्रमाणे मऊ लागू लागले आणि गिअर टाकताना दात करकरू लागले, की अनुभवी मिस्त्री म्हणतो, ‘लाइनीत हवा धरली आहे.’ एवढीशी हवा इतक्या अवजड यंत्राला कशी अडविते, हे पाहण्यासारखे आहे.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे पास्कल (१६२३–१६६२) या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले. पेडलाशी जोडलेल्या मास्टर सिलिंडरातील दट्ट्या पुढे सरकला म्हणजे नळीतील तेल गिअरपेटीजवळच्या स्लेव्ह सिलिंडरातील दट्ट्याला ढकलते व क्लचची तबकडी सुटते. हे साधते ते द्रव जवळजवळ दबत नाही म्हणून. वायूचे तसे नाही. समजा, पेडल पूर्ण दाबल्यावर ३ घन सेंटिमीटर तेल सरकते आणि नळीत १ घन सेंटिमीटर हवेचा बुडबुडा आहे. दाब वातावरणाच्या दसपट झाला की बॉइलच्या नियमानुसार बुडबुडा ०.१ घन सेंटिमीटर उरतो. म्हणजे पायाच्या श्रमातील ०.९ घन सेंटिमीटर सरक हवा दाबण्यातच खर्ची पडली! तबकडी अर्धवटच सुटते.

हवा काढण्यास दोन माणसे हवीत. चाकांखाली ठोकळे द्यावेत, टाकी भरावी. स्लेव्ह सिलिंडरावरील निपलाला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतील स्वच्छ तेलात बुडवावे. सहकाऱ्याने पेडल दाबून धरल्यावर निपल किंचित सैल करावे. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. पेडल तळाशी असतानाच निपल आवळावे व मगच पाय उचलू द्यावा. नवशिका नेमका येथे चुकतो, आणि काढलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करीत राहावे.

मधूनमधून टाकी भरीत जावी. अनेक गाड्यांत ब्रेक व क्लच यांची टाकी एकच असते. ती रिती झाल्यास हवा ब्रेकच्या नळ्यांतही शिरू शकते, आणि मग प्रश्न केवळ गिअरचा राहत नाही.

तेल झाकणावर सांगितलेल्या प्रकारचेच घ्यावे. ब्रेक ऑइलऐवजी इंजिनाचे तेल घातल्यास रबरी वॉशर फुगून निकामी होतात. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. म्हणून बाटलीत उतरलेले तेल पुन्हा टाकीत ओतण्याची काटकसर करू नये. रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

थोड्याच दिवसांत पेडल पुन्हा मऊ पडले, तर गळती शोधावी. स्लेव्ह सिलिंडर बाहेरून दिसत असल्यास त्याचे रबरी आवरण उचलून पाहावे; आत तेलाची ओल आढळली तर आतील वॉशर बदलावयास हवा.