लायक व्हायची वाट बघू नकोस गं

अगं, पाळकसाहेबांनी संडे स्कूल घ्यायला सांगितलं आणि तू "मी कुठल्या तोंडाने शिकवू?" म्हणत नकार कळवलास, हे माझ्या कानावर आलं. कारणही कळलं. सासूबाईंना उलटून बोललीस. भिशीचे पैसे घरखर्चात गेले, ते नवऱ्याला सांगितले नाहीस. जावेचा नवा फ्लॅट बघून पोटात दुखलं. बाप्तिस्मा होऊन वर्ष झालं तरी स्वभाव आहे तिथेच आहे, मग पापातून सुटले म्हणजे नेमकं काय झालं, हा तुझा प्रश्न. नवऱ्याची रांजणगावची दुसरी पाळी सुटायला अजून वेळ आहे, पोर झोपलंय, तेवढ्यात जरा टेक आणि हे वाच.

खरं सांगू का, हाच प्रश्न तुझ्या शेजारच्या तालुक्यातल्या एका फार मोठ्या बाईला पडला होता. शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्याने चौफुल्याला आलं की केडगाव जवळच. तिथलं मुक्ती मिशन ज्यांनी उभं केलं त्या पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. कोणाच्या सांगण्यावरून भुलणारी बाई नव्हे ती. वाचून, वाद घालून, पटवून घेऊन मग पाऊल टाकणारी. तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहिलं की ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त सापडायला त्यानंतर सुमारे आठ वर्षं गेली. तोवर पापाचं ओझं मनावर होतंच. आठ वर्षं, बघ! आणि तू एका वर्षात निकाल लावून मोकळी झालीस.

त्या मधल्या वर्षांत रमाबाई हात बांधून बसल्या नव्हत्या. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं, विधवा मुलींना शिकवलं, त्यांच्यासाठी लोकांची बोलणी खाल्ली. सगळं मन स्वच्छ झाल्यावरच देवाच्या कामाला हात लावायचा, असा नियम त्यांनी स्वतःला लावला नाही. तू का लावून घेतेस?

मग त्यांना नंतर सापडलं काय? हेच, की ओझं उतरवायचं काम आपल्याकडे नाहीच. ते ख्रिस्ताने वधस्तंभावर केलं, आपण विश्वासाने घ्यायचं. तुला हे मंडळीत शंभरदा ऐकवलं असेल, पण ऐकणं वेगळं आणि स्वतःच्या भिशीच्या पैशांना लावून बघणं वेगळं.

रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय आज रात्री सावकाश वाच. पौल तिथे गुलाम आणि धनी यांच्या भाषेत बोलतो. तुला ते लांबचं वाटलं तर आपल्याकडे उसाच्या फडावर येणाऱ्या टोळ्या डोळ्यांसमोर आण. मुकादमाकडून उचल घेतली की जोडपं बांधलं जातं. ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही, आजारपण असो की बाळंतपण. समज, एखाद्याची सगळी उचल दुसऱ्या कोणी एकरकमी फेडली. मुकादम पुढच्या हंगामाला फोन करणारच, दरडावणारही. जुन्या सवयीने त्या माणसाची छातीही धडधडेल. पण जाणं बंधनकारक आहे का? नाही. तुझं तसंच झालंय. राग येतो, हेवा येतो, खोटं बोलायची उबळ येते, हा झाला फोन. बाप्तिस्म्याने तो बंद होत नाही गं. पापाची तुझ्यावरची सत्ता संपली, एवढं मात्र झालंय, आणि ते थोडं नाही.

आता कृपा आहे तर कसंही वागलं तरी चालतं का? पौलाने तोही प्रश्न त्याच अध्यायात स्वतःच विचारलाय आणि ठाम नाही म्हटलंय. सुटलेल्या माणसाने रिकामं बसायचं नाही, आता देवाचं होऊन राहायचं. गलतीकरांना लिहिताना तो आणखी पुढे जातो. स्वातंत्र्य मिळालं ते एकमेकांची प्रेमाने सेवा करायला, असा त्याचा रोख आहे. क्रम नीट बघ. आधी सुटका, मग सेवा. सेवा करून सुटका विकत घ्यायला गेलीस की दमशील आणि वर चिडचिड करशील.

रमाबाईंना हा क्रम पहिल्यांदा दिसला तो लंडनमध्ये, फुलहॅमला. समाजाने वाईट ठरवून टाकलेल्या बायकांसाठी तिथे सिस्टर्सचं एक घर होतं. त्यातल्या काही जणी इतक्या बदलल्या होत्या की आजाऱ्यांच्या सेवेला लागल्या होत्या. असं रमाबाईंनी आपल्याकडे कुठे पाहिलं नव्हतं. हे कशामुळे, असं विचारल्यावर एका सिस्टरने शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवरची, पाच नवरे झालेली, आणि त्याच दिवशी घागर टाकून गावात साक्ष द्यायला धावलेली. तिला कोणी आधी वर्षभर सुधारून दाखव म्हटलं नाही.

पुढे केडगावला त्यांनी अशाच बायकांसाठी कृपा सदन काढलं. त्याच्या थोडं आधी, १८९६-९७ च्या दुष्काळात, मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, पुण्यात प्लेग होता म्हणून केडगावच्या शेतावर वस्ती केली. १९०० च्या सुमाराला तिथे दीड हजारांहून जास्त बायका-मुली होत्या. एवढ्यांचं दळण, रांधणं, धुणं कोणी केलं? त्यांनीच. कोणी मागावर, कोणी तेलघाण्यावर, कोणी गोठ्यात, कोणी छापखान्यात खिळे जुळवायला. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, ५ एप्रिल १९२२ ला गेल्या तोवर. भाषांतर ही सेवा आणि हजार माणसांच्या भाकऱ्या कमी सेवा, असं तिथे मानलं नसणार. तेव्हा तुझ्या ओट्यावरच्या कामाला तूही हलकं मानू नकोस.

आता माझं ऐक. भिशीचं आजच नवऱ्याला सांग, जेवण झाल्यावर, रडारड न करता. आकडा सांग आणि दर महिन्याला किती भरशील तेही सांग. सासूबाईंना लांबलचक माफी नको. "आई, मी चुकीचं बोलले" एवढं पुरे, मग चहा ठेव. जावेच्या घरी एकदा जाऊन ये आणि तिच्यासाठी प्रार्थना कर. पहिल्यांदा शब्द घशात अडकतील, तरी कर. देवाला सांगून झालेलं पाप रोज नव्याने उकरत बसू नकोस, त्याने ते ठेवून घेतलेलं नाही. आणि एक बघ, दुसऱ्याचा मार, छळ निमूट सोसणं म्हणजे सेवा नव्हे. रमाबाईंनी तसल्या घरांतून मुली बाहेर काढल्या. तुझ्या गल्लीत कोणावर अशी वेळ असेल तर महिला हेल्पलाइनला, १८१ वर, फोन कर, तिला एकटी सोडू नकोस.

पाळकसाहेबांना उद्याच होकार कळव. पहिल्या रविवारी जक्कयाची गोष्ट घे, लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातली. येशू आधी त्याच्या घरी उतरला, मग जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं. तुला ती पाठ करावी लागणार नाही, या आठवड्यात तू तेच करणार आहेस. मुलांना उंबराचं झाड माहीत असतं, फळ्यावर मोठं काढ आणि बुटक्या पोराला जक्कय कर, फार हसतात. आणि हो, बिस्किटांचा खर्च तुझ्या पैशातून अजिबात करायचा नाही. तो मंडळीने करायचा, आधीच सांगून ठेव.