उंबराला पाय असतात

अगं मने, तुझा रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी चहा करताना वाचला. ‘ताई, बालकवींच्या कवितेतला औदुंबर म्हणजे मृत्यूच ना? एका गाईडमध्ये मृत्यू दिलाय, दुसऱ्यात विरक्त योगी. पेपरात नक्की काय लिहू?’ चहा उतू गेला, पण हसू काही थांबेना. एस.वाय.ला असताना मीही वर्गात उभी राहून हेच विचारलं होतं. आमच्या सरांनी फळ्यावर सरळ तक्ता काढून दिला. झरा म्हणजे बालपण, गाव म्हणजे संसार, पायवाट म्हणजे आयुष्य, डोह म्हणजे मृत्यू. पाच मिनिटांत बालकवी आटोपले. मी तक्ता पाठ केला, मार्क मिळवले आणि नंतर कित्येक वर्षं त्या कवितेकडे फिरकले नाही. उत्तर हाताशी असल्यावर कविता कोण वाचतंय?

तर आधी गाईड मीट. कविता जेमतेम आठ ओळींची आहे. ओळींवर बोट ठेवून हळू वाच आणि पहिल्या खेपेला कशाचंही ‘म्हणजे’ करू नकोस. फक्त बघ. दोन्ही काठांना हिरवळ, मधून झरा. पलीकडे टेकडीपाशी इवलं गाव, पुढे शेतं. शेतांतून निघालेली पांढरी पायवाट काळ्या डोहाच्या दिशेने जातेय. आणि त्या डोहात पाय सोडून बसलेलं एक झाड. त्याचं नाव अगदी शेवटी येतं, कवितेच्या शेवटच्या शब्दाला.

आता आजोळचा ओढा आठव. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला वाकलेला उंबर होता ना, ज्याच्या मुळ्या थेट पाण्यात उतरल्या होत्या? पिकलेली उंबरं डुबुक डुबुक पडायची आणि तू घाबरून माझा फ्रॉक धरायचीस. उंबर बहुतेकदा पाण्याच्या कडेनेच वाढतो, गं. बालकवींनी काही गूढ अर्थ सांगायचा म्हणून त्याला पाण्यात नेऊन बसवलेलं नाही. आधी ते खरंखुरं झाड आहे, हे एकदा डोळ्यांना पटू दे.

आणि आजीचं ओरडणं? ‘दत्ताचं झाड आहे, पाय लावू नका!’ रोज ती त्याला उंबरच म्हणायची. संध्याकाळी दिवा घेऊन गेली की मात्र तोच औदुंबर व्हायचा. नरसोबाच्या वाडीला, कृष्णाकाठच्या औदुंबरला आपण हाच शब्द हात जोडून उच्चारतो. कवीने ‘उंबर’ न म्हणता ‘औदुंबर’ म्हटलं, तेव्हा दत्त, पादुका, काठावरची ती शांतता असं पुष्कळ काही शब्दाबरोबर आत आलं. म्हणून विरक्त योग्याचा अर्थ अगदीच हवेतला नाही. पण गंमत बघ, ज्या झाडाला आपण पाय लावायचा नाही, त्यालाच कवीने पाय दिले.

यानंतर क्रियापदं बघ. मला ही कविता खऱ्या अर्थाने उलगडली ती इथे, आणि तीही पस्तिशीत. झरा वाहतो. पायवाट चालते, तीही सरळ नाही, आडवीतिडवी. शेतांनी तर गर्दीच केलीय. सगळी लगबग. फक्त औदुंबर बसलाय. शिवाय या चित्रात माणूस कुठेच नाही. घरं आहेत, मळे आहेत, पायांनी पडलेली वाट आहे, पण ज्यांचे ते पाय, ती माणसं गायब. शेवटी दमून पाण्यात पाय सोडून बसावं तसं जे बसलंय ते झाड आहे.

मृत्यूचा अर्थ मला पुरा का पटत नाही, ते सांगते. पाण्यावर पसरलेल्या त्या काळिम्याला बालकवी गोड म्हणतात. एवढासा शब्द, पण तक्त्याच्या घशात अडकतो. नुसता मृत्यू दाखवायचा असता तर भेसूर, थंड, गहिरा असं काय काय सुचलं असतं. कुठलाही अर्थ लावलास की कवितेतला त्याला सगळ्यात जास्त अडचणीत आणणारा शब्द शोध आणि दोघांची समोरासमोर गाठ घालून दे. अर्थ उभा राहिला तर ठेव. मला तिथे मरणापेक्षा थांबणं दिसतं, उदास पण हवंहवंसं. तुला दुसरं दिसलं तरी माझी हरकत नाही, फक्त तो ‘गोड’ सांभाळून दाखव.

या कवितेत मृत्यू इतक्या लोकांना दिसतो, त्याचं एक कारण कवितेच्या बाहेरही आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे 1890 साली खानदेशात धरणगावला जन्मले, 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ झाले आणि 5 मे 1918 ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. वय अवघं सत्तावीस. हे कळलं की काळा डोह वेगळाच दिसायला लागतो. पण कविता लिहिणाऱ्याला आपला शेवट ठाऊक नव्हता, तो आपल्याला ठाऊक आहे. आधार हवाच असेल तर चरित्रापेक्षा त्यांच्याच ‘पारवा’, ‘उदासीनता’ वाच. ‘फुलराणी’ लिहिणाऱ्याच्या मनाचा अंधारा कोपरा तिथे सापडतो आणि तो पुरावा कवितेतलाच असतो.

उलट्या बाजूने होणारा घोटाळाही सांगून ठेवते. माझ्या एका मैत्रिणीने त्या गावातली चार घरं म्हणजे चार आश्रम असं लिहून पानभर विवेचन केलं होतं. अगं, मराठीत चार म्हणजे थोडे! चार दिवस माहेरी जातो, चार पैसे गाठीला बांधतो, चार लोकांत बोलताना जपतो. दर वेळी आपण वेद मोजतो का? भाषेची सवय कुठे आणि कवीची खूण कुठे, हे कळायला मराठीचा कान लागतो, आणि तो तुला आहे. आजीकडे वाढलीस की.

आणि रूपक नि प्रतीक यांत गोंधळू नकोस, पेपरात तिथेच मार्क जातात. रूपक म्हणून एकनाथांच्या भारुडातला विंचू घे. तो कामक्रोधाचा आहे, हे नाथ स्वतःच सांगून मोकळे होतात. कुलपाला किल्ली टांगलेलीच असते. केशवसुतांची तुतारी कशासाठी फुंकायची, याबद्दलही संशय उरत नाही, जुनं मोडायला. औदुंबर मात्र प्रतीक आहे, त्याला कवीने किल्लीच दिलेली नाही. त्याला एक अर्थ चिकटवला की तो बिचारा गाईडमधला विंचू होतो.

म्हणून पेपरात असं कर. पहिल्या परिच्छेदात चित्र लिही, स्वतःच्या शब्दांत. मग मृत्यू, विरक्ती, नुसतं निसर्गचित्र ही सगळी मतं मांड, पण प्रत्येकाला कवितेतला कुठला शब्द धरतो आणि कुठला सोडून जातो ते दाखव. शेवटी तुझं मत, भीड न बाळगता. परीक्षक तक्तेवाला निघाला तर एखादा मार्क जाईल, जाऊ दे.

आता माझी एक अडचण, ती तू सोडव. शेवटच्या ओळीत औदुंबराच्या आधी ‘असला’ आहे. आपण म्हणतो ‘असला कसला गं हा!’ तेव्हा वैतागलेलो असतो, आणि ‘असला भारी!’ म्हणताना खूश. बालकवींनी तो कुठल्या सुरात म्हटला असेल? मी मोठ्याने वाचून बघितलं, सकाळी एक वाटतं, रात्री दुसरंच. तू हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन वाच आणि नऊनंतर फोन कर. आई तोवर झोपलेली असते, नाहीतर निम्मा फोन डबा कसा होता यातच जातो.